स्पिंडल गार ठेवा, कारखाना चालू राहील

इचलकरंजीत 'स्पिंडल' म्हटले की कापडवाल्याच्या डोळ्यांपुढे सूतगिरणीतील चाती उभी राहते. गिरणी किती चात्यांची, यावरून तिची ऐपत मोजण्याची आपली रीत आहे. परंतु गेल्या काही वर्षांत याच गावात दुसऱ्याच स्पिंडलची बोलणी ऐकू येऊ लागली आहेत. हा स्पिंडल सूत कातत नाही. तो लोखंड कातरतो, ॲल्युमिनियम कोरतो आणि सागवानी दारावर वेलबुट्टी काढतो. व्हीएमसी, सीएनसी राउटर, एनग्रेव्हिंग मशीन अशी त्याच्या यंत्रांची नावे आहेत.

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला. मागापाठोपाठ मिस्त्री, फिटर, टर्नर, मोल्डर आले. धोटा, पिकिंग स्टिक, टॅपेट, क्रँक असे मागाचे सुटे भाग करणारी दुकाने गल्लोगल्ली झाली. आपल्या समाजातील कितीतरी घरे मागावर जगली, तशीच कितीतरी घरे लेथवर आणि रंध्यावर जगली. आता साध्या मागांचे दिवस उतरणीला लागले, हजारो माग भंगारात गेले, आणि या घरांतील मुले संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे वळली. कोणी कोल्हापूर, शिरोली, हातकणंगले, यड्राव येथील कारखान्यांचे जॉब घेतो, तर कोणी फर्निचरचे कोरीव काम. ही चांगली गोष्ट आहे. हुन्नर तोच आहे, फक्त हत्यार बदलले.

आम्ही कापडाचे व्यापारी. यंत्र हा आमचा पिढीजात विषय नव्हे. तरी या विषयावर लिहावेसे वाटले, याचे कारण असे की या यंत्रांबरोबर येणारे माहितीपुस्तक बहुधा इंग्रजीत असते, कधी कधी चिनी भाषेत. उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेला आपला कारागीर ते पुस्तक पॅनेलच्या कप्प्यात ठेवतो आणि यंत्र चालू करतो. यंत्र विकणारा माणूस दोन तासांत चालवायला शिकवतो. जपायला शिकवत नाही. आणि मग हप्ते फिटण्याच्या आत स्पिंडल जळतो. जळलेल्या बहुतेक स्पिंडलची चौकशी केली तर कारण एकच निघते, ते म्हणजे उष्णता.

उष्णता येते कोठून?

जुन्या लेथमध्ये मोटर वेगळी, स्पिंडल वेगळा आणि मध्ये पट्टा असे. मोटरची उष्णता मोटरपाशी राही. नव्या इलेक्ट्रिक स्पिंडलमध्ये मोटर आणि स्पिंडल एकाच नळकांड्यात बसवलेले असतात. हत्यार धरणारी दांडी हाच मोटरचा रोटर असतो. पट्टा नाही, गिअर नाही, म्हणून वेग भरपूर मिळतो. सूतगिरणीतील चाती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते. राउटरचा लहान स्पिंडल सर्रास २४ हजार फेरे घेतो. मात्र चातीवर भार सुताचा असतो, येथे भार लाकडाचा आणि धातूचा असतो.

या बंद नळकांड्यात तीन ठिकाणी उष्णता निर्माण होते. पहिली तांब्याच्या वाइंडिंगमध्ये, विजेच्या प्रवाहामुळे. दुसरी मोटरच्या लोखंडी पत्र्यांमध्ये. वेग जितका जास्त तितकी ही अधिक. तिसरी बेअरिंगमध्ये, घर्षणामुळे. म्हणूनच काही न कापता नुसता पूर्ण वेगाने फिरवलेला स्पिंडलही तापतो. 'काम तर काहीच केले नाही, मग तापला कसा?' असे पुष्कळ जण विचारतात, त्याचे उत्तर हे आहे.

आता हिशेब मांडू. २.२ किलोवॅटचा स्पिंडल पूर्ण भारावर चालत असेल आणि शंभरातील वीस हिस्से वीज उष्णतेत जात असेल, तर सुमारे ५०० वॅट उष्णता त्या मनगटाएवढ्या जाड नळकांड्यात तयार होते. पाणी तापवण्याच्या १००० वॅटच्या रॉडच्या निम्मी. रॉड पाण्याबाहेर चालू ठेवला तर काय होते, हे घराघरांत ठाऊक आहे. स्पिंडलचे वेगळे काही होत नाही, फक्त वेळ थोडा अधिक लागतो.

ताप वाढला की काय बिघडते?

पहिला बिघाड बेअरिंगचा. बेअरिंगमधील ग्रीस पातळ होते, वाळते, आणि त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. साधारण नियम असा की ७० अंशांपुढे दर १५ अंशांना ग्रीसचे आयुष्य निम्मे होते. दुसरा बिघाड वाइंडिंगचा. वाइंडिंगवरील इन्सुलेशनला ठरलेली मर्यादा असते. 'बी' वर्गाला १३० अंश, 'एफ' वर्गाला १५५ आणि 'एच' वर्गाला १८० अंश. मर्यादेपलीकडे दर १० अंशांना इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा मोटर बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे.

तिसरा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, पण खिशाला जाणवतो. पोलाद तापले की वाढते. एक मीटर लांबीचे पोलाद एका अंशाने सुमारे १२ मायक्रॉन वाढते. स्पिंडलची दांडी ३०० मिलिमीटर धरली आणि ती १० अंशांनी तापली, तर वाढ ३६ मायक्रॉन झाली. कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड असतो; म्हणजे दोन-तीन तंतू शेजारी ठेवावेत इतकीच ही वाढ. सागवानी दारावरील फुलाला तिने काही फरक पडत नाही. परंतु कोल्हापूरच्या फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर २० मायक्रॉनच्या आत काम मागितलेले असेल, तर सकाळचा जॉब पास आणि दुपारचा नापास, असा प्रकार होतो. आमच्या माहितीतील एका लहान कारखान्यात नेमके हेच घडत होते. मालक ऑपरेटरवर रागावत असे, ऑपरेटर हत्याराला दोष देत असे. शेवटी तासातासाला माप लिहून ठेवले, तेव्हा कळले की सकाळी यंत्र सुरू केल्यापासून पहिल्या दीड तासात खोलीचे माप सरकते आणि मग स्थिर होते. ऑपरेटर आणि हत्यार दोघेही निर्दोष होते. स्पिंडल तापून लांब होत होता.

गार करण्याच्या रीती

पहिली रीत हवेची. स्पिंडलच्या मागे पंखा असतो आणि अंगावर पाकळ्या असतात. ना पाणी, ना नळी, ना टाकी. त्यामुळे देखभाल कमी आणि किंमतही आटोपशीर. परंतु पंखा कोठून फिरतो, हे खरेदीपूर्वी पाहावे. काही स्पिंडलमध्ये पंखा त्याच दांडीवर बसवलेला असतो. स्पिंडल वेगाने फिरला तर पंखाही वेगाने. स्पिंडल सावकाश, तर पंखाही सावकाश. कमी वेगावर जाड हत्याराने जोर लावून काम केले की वारा कमी आणि ताप जास्त, अशी उलटी स्थिती होते. ज्याचे काम कमी वेगाचे आहे, त्याने वेगळ्या छोट्या मोटरवर चालणाऱ्या पंख्याचा स्पिंडल घ्यावा. दुसरी गोष्ट म्हणजे हवेचा स्पिंडल आवाज फार करतो. वस्तीत दुकान असेल तर शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

आपल्या गावात हवेच्या रीतीला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे कापसाचा तंतू. शेजारी माग असतील तर तंतू हवेत तरंगतात आणि पंख्याच्या जाळीवर गालिचासारखे बसतात. लाकडाचे काम असेल तर वर भुसा चिकटतो. आठ दिवसांत जाळी बंद होते. मागाची मोटर आपण रोज झाडतो, तशी ही जाळीही रोज ब्रशने झाडली पाहिजे.

दुसरी रीत पाण्याची. स्पिंडलच्या कवचात पोकळ वाट असते. एका नळीने पाणी आत जाते, दुसरीने बाहेर येते. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी अधिक उचलते. मिनिटाला ३ लिटर पाणी फिरले, तर वर सांगितलेली ५०० वॅट उष्णता उचलताना पाणी जेमतेम अडीच अंश तापते. आवाजही कमी. आपल्याकडील बहुतेक राउटरवर हीच रीत दिसते.

परंतु पाणी उष्णता उचलते, नाहीशी करीत नाही. ती टाकीत नेऊन ठेवते. येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादलीत कूलरचा पंप सोडून काम सुरू करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. ५०० वॅट उष्णता २० लिटर पाण्यात जात राहिली आणि बाहेर काहीच गेली नाही, तर पाणी तासाला सुमारे २१ अंश तापेल. काही उष्णता बादलीच्या अंगातून जाते आणि काम नेहमी पूर्ण भारावर नसते, म्हणून प्रत्यक्षात वेग थोडा कमी. तरीही एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशांवर सुरू झालेले पाणी दुपारपर्यंत हाताला चटका देऊ लागते. तेच पाणी २०० लिटरच्या पिंपात असेल, तर तासाला दोन अंशांच्या आसपास तापते, आठ तासांच्या पाळीतही आटोक्यात राहते आणि रात्रीतून निवते. बादली आणि पिंप यांच्या किमतीतील फरक तो किती! परंतु यंत्राच्या आयुष्यात त्याने मोठा फरक पडतो.

गावातील एका फर्निचर कारागिराचा नवा स्पिंडल उन्हाळ्यात तिसऱ्याच आठवड्यात जाम झाला. दारांची मोठी ऑर्डर हाती होती, रात्रंदिवस काम चालू होते, आणि खाली तीच २० लिटरची बादली. विक्रेत्याकडे गेल्यावर उत्तर मिळाले की पाण्याची योग्य व्यवस्था नव्हती, म्हणून हमी लागू नाही. 'योग्य व्यवस्था' म्हणजे काय, हे विकताना त्याने एका शब्दाने सांगितले नव्हते. बिलावरही नव्हते. ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. अशा वेळी स्पिंडलचे पैसे जातात ते एक, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो दुसरा. व्यापारात दुसरे नुकसान मोठे.

चिलरचे दोन प्रकार, एकच नाव

तिसरी रीत चिलरची. येथे खरेदी करताना सावध राहावे, कारण बाजारात दोन वेगवेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. एका पेटीत फक्त पंप, रेडिएटर आणि पंखा असतो. मोटारगाडीच्या रेडिएटरचेच हे तत्त्व. ही पेटी पाण्याला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही. सर्वत्र दिसणाऱ्या सीडब्ल्यू ३००० या नमुन्याची क्षमता दर अंशास ५० वॅट अशी सांगितली जाते. अर्थ असा की ५०० वॅट उष्णता घालवायची तर पाणी खोलीपेक्षा १० अंश गरम राहणार. शेडमध्ये ४० असेल तर पाणी ५०. हिवाळ्यात ही पेटी उत्तम, मे महिन्यात बेताची. लहान स्पिंडलला किंवा हलक्या कामाला ती चालते.

दुसऱ्या पेटीत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर आणि गॅस असतो. ती पाणी खोलीपेक्षा गार करू शकते आणि ठरवलेल्या अंशावर राखू शकते. सीडब्ल्यू ५०००, ५२०० हे नमुने या जातीचे आहेत. किंमत अधिक, वीजही अधिक. घेताना 'आत कॉम्प्रेसर आहे का?' हा प्रश्न स्पष्ट विचारावा आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. कापड घेताना आपण काउंट आणि पीक विचारतो, बोटाने चाचपून पाहतो. येथे मात्र पेटीचा रंग पाहून पैसे मोजतो, हे बरे नाही.

कॉम्प्रेसरची पेटी घेतल्यावर एक मोह होतो. पाणी जितके गार तितके चांगले, असे वाटून १५-१६ अंश लावले जातात. हे पावसाळ्यात घातक आहे. जुलै महिन्यात हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २४ अंशांखालील कोणत्याही वस्तूवर दव धरते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर पाणी सुटते, तसेच स्पिंडलच्या आत सुटते. तेथे वाइंडिंग आहे, बेअरिंग आहे. दोन्हींना पाणी वर्ज्य. म्हणून पाणी खोलीच्या तापमानाइतके किंवा फार तर दोन अंश खाली ठेवावे. अनेक चिलरमध्ये खोलीच्या तापमानामागे चालण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. आणि काम संपल्यावर स्पिंडल थांबला असताना गार पाणी तासन्‌तास फिरवत ठेवू नये.

माठाचे तत्त्व

ज्याला कॉम्प्रेसर परवडत नाही, त्याच्यासाठी एक देशी उपाय आम्ही एका कारागिराकडे पाहिला. स्पिंडलचे पाणी बंद वाटेत फिरते आणि त्या वाटेचे तांब्याच्या नळीचे वेटोळे वाळ्याच्या कूलरच्या टाकीत बुडवलेले. कूलरमधील पाणी वाऱ्याने उडते आणि उरलेले गार होते. माठ ज्या कारणाने गार राहतो तेच कारण. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असल्याने हे पाणी खोलीपेक्षा बऱ्याच अंशांनी खाली येते, आणि हवा कोरडी म्हणून दवाचेही भय नाही. पावसाळ्यात हा उपाय फारसा चालत नाही, पण तेव्हा गरजही कमी असते. मात्र कूलरचे पाणी आणि स्पिंडलचे पाणी एकत्र होऊ देऊ नये. कूलरच्या पाण्यात क्षार आणि कचरा वाढतच जातो. तो बाहेरच राहिला पाहिजे.

मोठ्या यंत्रांची गोष्ट

व्हीएमसीचे स्पिंडल वेगळ्या घराण्याचे. पट्ट्यावर चालणाऱ्या ८ हजार फेऱ्यांच्या यंत्रात मोटर बाजूला असल्याने प्रश्न मुख्यतः बेअरिंगच्या उष्णतेचा असतो. तेथे बेअरिंगच्या कवचाभोवती चिलरमधून आलेले तेल फिरवतात. आत मोटर असलेल्या वेगवान स्पिंडलमध्ये स्टेटरभोवती नागमोडी वाट करून तेल किंवा पाणी फिरवले जाते. पण आतील रोटरची उष्णता या वाटेपर्यंत नीट पोहोचत नाही; ती दांडीतून बेअरिंगकडे जाते. म्हणून महागड्या स्पिंडलमध्ये दांडीच पोकळ करून तिच्यातून गार द्रव नेतात, किंवा रोटरमध्ये कायमचे चुंबक बसवून मुळात उष्णताच कमी करतात. बेअरिंगमध्ये पोलादाऐवजी सिरॅमिकच्या गोळ्या वापरतात. त्यांचे वजन पोलादाच्या निम्म्याहून कमी, म्हणून वेगात दाब कमी आणि तापही कमी.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. हत्यारावर सोडले जाणारे पांढरे दुधासारखे कूलंट आणि स्पिंडलचे कूलिंग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कूलंट हत्यार आणि जॉब गार करते; त्याने स्पिंडलचे बेअरिंग गार होत नाही. उलट ते सील ओलांडून आत गेले, तर बेअरिंगचा नाश करते. म्हणून स्पिंडलच्या नाकाशी हलका, कोरडा हवेचा दाब दिलेला असतो. तो बंद ठेवून वीज वाचवण्याचा विचार करू नये. तसेच एअर गनने स्पिंडलच्या तोंडावर जोरात हवा मारून साफ करण्याची सवय सोडावी. त्याने कचरा आत ढकलला जातो.

माप पक्के हवे असेल, तर चिलर एका ठरावीक अंशावर ठेवण्यापेक्षा यंत्राच्या बेडच्या तापमानामागे चालवणे अधिक बरे. बेड आणि स्पिंडल एकाच तापमानावर राहिले तर दोघे एकमेकांच्या तुलनेत फार हलत नाहीत. आणि सकाळी यंत्र सुरू करताच एकदम पूर्ण वेग देऊ नये. आधी कमी, मग मध्यम, मग पूर्ण, असे दहा-पंधरा मिनिटे मोकळे फिरवावे. ग्रीस सर्वत्र पसरते, ताप समान होतो. त्या वेळात चहा होतो. वेळ वाया जात नाही.

गावचे पाणी आणि वीज

इचलकरंजीत पाण्याची टंचाई सर्वांना ठाऊक आहे. बोअरचे पाणी जड. घरच्या तांब्याच्या बंबात आतून जो पांढरा थर बसतो, तोच थर स्पिंडलच्या अरुंद वाटेत बसतो. बंबाचा थर फोडून काढता येतो, स्पिंडलचा काढणे फार अवघड. म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरावे. ही वाट बंद असल्याने पाणी खर्च होत नाही. एकदा भरले की पुरते. ॲल्युमिनियम, पितळ, तांबे एकाच पाण्यात आले की गंज चढतो, म्हणून गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तसे गंजरोधक कूलंट बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणात घालावे. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नाही, तेव्हा प्रमाण वाढवून फायदा नाही. पिंपाला झाकण ठेवावे, नळ्यांवर ऊन पडू देऊ नये, नाहीतर शेवाळ धरते. तीन महिन्यांनी पाणी बदलावे.

पंप बंद पडला आणि स्पिंडल चालू राहिला, तर नुकसान मिनिटांत होते. वीज जाऊन येते, पंपाची पिन सैल होते, नळी दुमडते. यावर उपाय फ्लो स्विचचा. पाणी थांबले की हा स्विच ड्राइव्हला खूण देतो आणि स्पिंडल आपोआप थांबतो. स्पिंडलच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य. तोवर निदान परत येणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या वर ठेवावे, म्हणजे धार डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यात दोन-तीन अंशांचा फरक ठीक; दहा अंशांचा फरक दिसला, तर पाणी कोठेतरी अडले आहे असे समजावे.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पहिली, ड्राइव्हची मांडणी. २४ हजार फेऱ्यांचा स्पिंडल ४०० हर्ट्‌झवर चालण्यासाठी बांधलेला असतो. ड्राइव्ह कारखान्यातून आलेल्या ५० हर्ट्‌झच्या मांडणीवरच राहिला, तर स्पिंडल कमी वेगावर अफाट प्रवाह ओढतो आणि पाणी कितीही गार असले तरी जळतो. दुसरी, अर्थिंग. काही स्वस्त स्पिंडलच्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये चौथी पिन दिसते, पण आतून कवचाला जोडलेलीच नसते. जेथे पाणी आणि वीज शेजारी आहेत, तेथे ही बेपर्वाई जिवावर बेतू शकते. यंत्र आल्याबरोबर मीटर लावून चौथी पिन आणि कवच यांच्यात जोड आहे की नाही, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. नसेल तर यंत्र चालू करू नये.

कोणी काय घ्यावे?

आमचे मत थोडक्यात असे. दिवसाला दोन-तीन तास हलके कोरीव काम असेल आणि आसपास तंतू-भुसा आवरता येत असेल, तर हवेचा स्पिंडल पुरे. दिवसभर लाकडाचे काम असेल, तर पाण्याचा स्पिंडल आणि २०० लिटरचे झाकलेले पिंप. दोन पाळ्या किंवा धातूचे काम असेल, तर कॉम्प्रेसरचा चिलर यंत्राबरोबरच घ्यावा, त्याची किंमत यंत्राच्याच किमतीत धरावी आणि मगच हप्त्याचा हिशेब करावा. चिलर शेडच्या अशा बाजूला ठेवावा जेथे भुसा आणि तंतू कमी आणि वारा मोकळा; त्याची जाळी आठवड्याला धुवावी. जुनी व्हीएमसी घेणाऱ्याने स्पिंडलचा चिलर चालू आहे का, हे यंत्र तासभर पूर्ण वेगाने फिरवून आणि तापमान मोजून पाहावे. नुसता आवाज ऐकून सौदा करू नये.

तापमान मोजण्याची बंदूक आता प्रत्येक कारखान्यात असावी. २०२० च्या साथीत आलेल्या बंदुका मात्र या कामाच्या नाहीत. त्यांतील बऱ्याचशा शरीराच्या तापापुरतेच दाखवतात. औद्योगिक वापराची घ्यावी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी स्पिंडलच्या पुढच्या बेअरिंगपाशी माप घेऊन वहीत लिहावे. महिनाभराने ती वही स्वतःच बोलू लागते. नेहमी ४५ दाखवणारा स्पिंडल एके दिवशी ५५ दाखवू लागला, तर काम थांबवून पाणी, पंप, जाळी आणि हत्याराची धार पाहावी. बोथट हत्यार हेही तापाचे मोठे कारण आहे.

आपल्या जुन्या मिस्त्री मंडळींना मागाच्या खडखडाटातून बेअरिंगचा बदललेला आवाज ओळखता येत असे. ती कदर, ते लक्ष नव्या मुलांमध्येही आहे. त्यांना फक्त कोठे पाहायचे ते सांगायला हवे. ज्यांच्या घरात असे यंत्र आहे, त्यांनी हा लेख मुलांना वाचून दाखवावा, आणि उद्या सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी बादलीतील पाणी किती, अर्थिंगची पिन जोडलेली आहे की नाही आणि जाळी साफ आहे की नाही, एवढे तीन प्रश्न विचारावेत.